टायची गाठ आणि दुधाचं बिल

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये टायवरून महाभारत झालं. मावसभाऊ कराडजवळच्या गावाहून इंटरव्ह्यूसाठी आला होता. बीसीएस झालेला, हा त्याचा पाचवा इंटरव्ह्यू. आधीचे चारही ‘कळवतो’ या एका शब्दावर संपलेले. त्यात घरून अल्टिमेटम : दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गावातलं दूध संकलन केंद्र सांभाळायचं. त्यामुळे पठ्ठ्या एकदम तयारीत होता. सॅकमध्ये तीन फॉर्मल शर्ट, करकरीत नवे शूज, मित्राकडून उसना आणलेला टाय आणि गाठ मारायचा व्हिडिओ. रात्री साडेदहाला तो आरशासमोर, मी मागे मोबाइल धरून उभी, आणि गाठ काही केल्या मध्यभागी राहीना!

“ताई, फर्स्ट इम्प्रेशन तीस सेकंदांत होतं म्हणे,” तो घाम पुसत म्हणाला.

तीस सेकंद? बॉस, तीस सेकंद म्हणजे चैन झाली. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीच्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, सेकंदाचा दहावा भाग फक्त. तेवढ्यात लोकांनी ठरवूनही टाकलं की हा विश्वासू वाटतो, ही हुशार वाटते. जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदललं नाही. फक्त ‘आपलंच बरोबर’ ही खात्री वाढली!

आता हे वाचून घाबरायचं की निवांत व्हायचं? मी निवांत पार्टीतली. सेकंदाच्या दहाव्या भागात तुम्ही असं काय मोठं करणार? इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, पुसलेले शूज आणि डिओची अर्धी बाटली अंगावर न ओतणं. विषय संपला. टाय सॅकमध्ये परत गेला, कारण त्या ऑफिसात सगळे टी-शर्टात येतात हे त्याच्याच मित्राने सांगितलं होतं.

खरी पंचाईत पुढे होती. मी पोळ्या लाटता लाटता इंटरव्ह्यू घ्यायला लागले. “टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

“मायसेल्फ...” म्हणून जी सुसाट गाडी सुटली! नजर सीलिंग फॅनवर. फादर फार्मर, मदर हाऊसवाइफ, आय अ‍ॅम हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड टीम प्लेयर, माय वीकनेस इज आय अ‍ॅम परफेक्शनिस्ट. मी मध्येच सहज विचारलं, “कुठल्या टीममध्ये होतास रे?” गाडी रुळांवरून खाली. थोडा वेळ शांतता, आणि मग पुन्हा पहिल्या स्टेशनपासून, “मायसेल्फ...”

हसू नका. मी स्वतः मास कॉमची डिग्री घेऊन पहिल्या इंटरव्ह्यूला गेले तेव्हा ‘हॉबी’खाली ‘रीडिंग’ लिहिलं होतं. समोरच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, सध्या काय वाचताय? डोक्यात पांढरा कागद. शेवटी मी म्हणाले, “पेपर.” ती नोकरी मला मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको. बरं, मी वाचत नव्हते असं नाही हो! पण पाठ केलेल्या उत्तरात माझं वाचन कुठे नव्हतंच, त्यामुळे तिथून ते सापडलंही नाही.

तर, पाठांतराची चौथी फेरी चालू असताना भावाचा फोन वाजला. काका. संकलन केंद्रावर काहीतरी अडलं होतं. आणि हाच मुलगा, जो आत्ता फॅनकडे बघून घोकत होता, तो फोनवर दहा मिनिटं न अडखळता बोलला. “पप्पा, फॅटचा आकडा तिसऱ्या कॉलमात, एसएनएफ चौथ्या. दर आपोआप येईल, हाताने टाकू नका.”

मी लाटणं खाली ठेवलं. हे काय प्रकरण आहे?

प्रकरण असं होतं. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. त्याचा भलामोठा तक्ता असतो, आणि काका सकाळ-संध्याकाळ तो तक्ता बघून वहीत आकडे मांडायचे. दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की हिशेब जुळायचा नाही, शेतकरी ओरडायचे, घरात रात्री एकपर्यंत बेरजा. याने लॉकडाऊनमध्ये घरी बसून अख्खा तक्ता एक्सेलमध्ये घातला, फॉर्म्युले लावले आणि चूक शोधली. तक्त्यातली एक ओळ सोडून खालचा दर वाचला जात होता. आता बिलं अर्ध्या तासात निघतात.

“अरे, तू ज्या नोकरीसाठी चाललायस ती डेटाचीच आहे ना? मग हे रेझ्युमेत का नाही?”

“त्यात काय सांगायचं ताई? दुधाचंच तर आहे.”

मला खरंच गलबलून आलं. रेझ्युमेत ‘एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स’ला जागा आहे, पण चार महिने खपून केलेल्या कामाला नाही, का तर त्याला शेणाचा वास येईल म्हणून.

आणि गंमत म्हणजे कंपन्यांना हेच ऐकायचं असतं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये भरतीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनांची आकडेमोड नव्याने तपासली. माणूस पुढे काम कसं करेल हे ओळखण्यात पहिला नंबर लागला तो ठरीव मुलाखतीचा, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि उत्तरांना ठरलेले मार्क. नुसत्या गप्पांचा इंटरव्ह्यू बराच मागे पडला. अशा ठरीव मुलाखतीत ‘एखादा अडचणीचा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?’ छापाचे प्रश्न खूप असतात. इथे ‘हार्डवर्किंग’ हे विशेषण चालत नाही. प्रसंग लागतो.

मग आम्ही रात्री एक वाजेपर्यंत फक्त तीन प्रसंग काढले. काय अडलं होतं, तू काय केलंस, पुढे काय झालं. इंग्रजीत, पण त्याच्या इंग्रजीत. व्याकरण थोडं लंगडलं तर लंगडू दे. (त्याला ‘रेट चार्ट’ म्हणता येतं, ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणताना जीभ वळते. मग कशाला म्हणायचं?)

सकाळी त्याला दीड तास आधी बाहेर काढलं. चांदणी चौक पार केला की सगळ्यांना वाटतं पोहोचलोच, पण भूमकर चौकात देव आठवतो. तरी तो पंधरा मिनिटं आधी पोहोचला.

दुपारी फोन आला, आवाज वेगळाच. पहिला प्रश्न अर्थातच ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. “मायसेल्फ आलंच तोंडात, पण पुढे दुधावर गेलो.” समोरच्या सरांनी कागद सरकवला : शीट काढून दाखव. वीस मिनिटं त्यावरच गेली. मग त्यांनी विचारलं, पॉवर बीआय येतं का?

माझ्या पोटात गोळा. कारण चौथ्या इंटरव्ह्यूत याच प्रश्नाला तो ‘हो, थोडं’ म्हणाला होता आणि पुढच्याच प्रश्नाला आडवा पडला होता.

“काय सांगितलंस?”

“नाही म्हणालो. म्हटलं पिव्हट टेबल येतं, त्यावर हवं ते विचारा. त्यांनी विचारलं.”

शेवटी काय, तर ‘कळवतो’. पाचव्यांदा.

आठ दिवस घरात कुणी त्याला काही विचारलं नाही. मावशी मात्र मला रोज फोन करत होती, जणू मीच एचआर. नवव्या दिवशी मेल आला : सेकंड राउंड, एक्सेलची टेस्ट आणि मॅनेजरशी ऑनलाइन बोलणं. गावात ऐन वेळी लाइट जाते, म्हणून तो आदल्या रात्रीच माझ्याकडे येतोय. लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणायचा, खिडकी समोर घ्यायची, आणि त्या तासाभरात मी कुकर लावायचा नाही, इतपत प्लॅनिंग झालंय. मावशी खवा पाठवतेय. टाय आणू नको म्हणून बजावलंय.