मागील भाव आणि नावाचे मोल

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि नुसत्या नावालाही मोल असते, ही गोष्ट हिंगोली जिल्ह्यात नव्याने चर्चेत आली. ही हळद दूरच्या ग्राहकाला थेट विकू पाहणाऱ्या शेतकरी कंपनीस किंवा एखाद्या उद्योगी तरुणास इंटरनेटवर स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, घ्यावे लागते. हवे ते नाव मोकळे असल्यास वर्षाकाठी हजार-दीड हजार रुपयांच्या आत काम भागते. परंतु ते आधीच कोणी नोंदवून ठेवले असेल, तर धारक लाखांची भाषा बोलतो आणि पुराव्यादाखल तशाच नावांच्या मागील विक्रीचे आकडे पुढे ठेवतो. ते आकडे खोटे असतातच असे नाही. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुधा खोटा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मागील भावावरून आजचे मोल ठरविण्याची रीत आपणांस अपरिचित नाही. वसमत किंवा हिंगोलीच्या बाजार समितीत हंगामात हळदीचे ढिगामागून ढीग लिलावास निघतात. माल बराचसा सारखा, खरेदीदार अनेक आणि बोली उघड. अशा ठिकाणी कालचा भाव हा आजच्या भावाचा उत्तम साक्षीदार होय. जमिनीच्या बाबतीत हीच साक्ष दुबळी होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २६ लगतच्या तीन वर्षांतील खरेदीखते पाहावयास सांगते आणि त्यांतील चढ्या किमतीच्या निम्म्या खतांचीच सरासरी धरते. कागदावरची किंमत अनेकदा खरी नसते, हे कायदेमंडळानेच जणू मान्य केले आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत आपल्या जिल्ह्याचे नाव आल्यापासून या हिशेबाचे महत्त्व येथे कोणास समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

डोमेन नावाची स्थिती जमिनीहूनही विचित्र आहे. जमिनीला निदान शेजार असतो, पोत असतो, गट क्रमांक असतो. नावाला शेजारी नाही. एका अक्षराचा फरक पडला की वस्तूच बदलते. शिवाय येथे दुय्यम निबंधकाकडे नोंदण्याचे खरेदीखत नाही. अनेक व्यवहार गोपनीयतेच्या अटीवर होतात, आणि नेमबायोसारख्या संग्रहांत विक्रीच्या ज्या नोंदी दिसतात, त्या मुख्यतः जाहीर लिलावांतून किंवा पक्षांनी आपणहून सांगितल्यामुळे आलेल्या असतात. मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलरना विकले. विकणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, तिने तसे जाहीर केले, म्हणून तो आकडा जगाला कळला.

याहून बोधप्रद उदाहरण 'एफबी डॉट कॉम'चे. हे नाव अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे होते. फेसबुकने ते ८५ लाख डॉलरना घेतल्याचे २०११ मध्ये उघड झाले. दोन अक्षरांना एवढा भाव आला, म्हणून कोणत्याही दोन अक्षरांना तो येईल काय? तो आकडा अक्षरांचा नव्हता. एका धनाढ्य ग्राहकाच्या निकडीचा होता. अशी निकड दुसऱ्या नावापाशी उभी राहीलच असे नाही. काळाचाही विचार करावा लागतो. १९९७ मध्ये दीड लाख डॉलरना घेतलेले 'बिझनेस डॉट कॉम' १९९९ मध्ये, म्हणजे हिंगोली जिल्हा जन्मास आला त्याच वर्षी, ७५ लाख डॉलरना गेले. २००० मध्ये तो बाजारच कोसळला. तापाच्या दिवसांतला पारा पाहून कोणी प्रकृतीचा अंदाज बांधत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र निराळीच आहे. विक्रीच्या यादीत फक्त विकलेली नावे असतात; न विकलेली नसतात. एखादा विद्यार्थी अशा यादीवर भुलून १०० नावे नोंदवतो असे समजू. नावामागे वार्षिक शुल्क ८०० रुपये धरले, तर वर्षाला ८० हजार गेले. त्यांतले एक नाव ५० हजारांना विकले गेले, तर यादीत ५० हजार चढतील. ३० हजारांचा तोटा त्याच्या वडिलांच्या वहीत राहील. त्यातही नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते असेल तर त्याची किंमत शून्याखाली जाते. 'रॅडिफ' या नावाविरुद्ध रेडिफने आणलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली होती, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते असे ठरविले.

मग मागील भाव पाहूच नयेत काय? अवश्य पाहावेत, पण साक्षीदाराची उलटतपासणी घेऊन. विक्री केव्हाची, 'डॉट कॉम'ची की 'डॉट इन'ची, घेणारा व्यापारी होता की स्वतः वापरणारा, हे विचारावे. व्यापाऱ्यांच्या आपसांतल्या लिलावाचा भाव आणि गरजवंताने मोजलेला भाव यांची सरासरी काढणे म्हणजे ओल्या हळकुंडाचा व पॉलिश केलेल्या हळदीचा भाव एकत्र करणे होय. सरासरीपेक्षा मधला आकडा घ्यावा, कारण एक 'व्हॉइस' हजारो किरकोळ विक्रींची सरासरी फुगवून टाकतो.

आणि हळद विकणाऱ्या आपल्या कंपनीस याहून सोपे एक माप उपलब्ध आहे. नावात एखादा शब्द वाढवून, 'डॉट इन' घेऊन किंवा २०१४ पासून देवनागरीत मिळू लागलेले 'डॉट भारत' घेऊन काम किती खर्चात भागते, ते आधी काढावे. नवी पाटी, नवी वेष्टने, ग्राहकांना पत्ता बदलल्याचे कळविणे, हा सारा खर्च त्यात धरावा. धारकास द्यावयाच्या रकमेची कमाल मर्यादा तीच, मग त्याच्या यादीत अमेरिकेतला कोणताही आकडा असो.