वही कोणाची?

यंदा, 2025 साली, वर्षभर एक वाक्य कानावर आदळत राहिले : 'आता भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड आहे.' भाषणांत, बँकांच्या जाहिरातींत, घरच्या गप्पांत. हे म्हटले की विषय संपतो; गरीब माणूस अर्थव्यवस्थेत आला असे सगळे धरून चालतात. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली माती खरवडून नेली, पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून राज्य पेटले आणि सरकारला तो जूनअखेर मागे घ्यावा लागला. या दोन्हींवर अंकात स्वतंत्र लेख आहेत. संपादकीयाची जागा मात्र त्या एका वाक्याला द्यायची आहे, कारण ते अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी बोलत नाही.

खरा अर्धा भाग लहान नाही. 2014च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेत पन्नास कोटींहून अधिक खाती उघडली गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बायकांच्या नावावर आहेत. 2016 साली आलेल्या यूपीआयवर आज महिन्याला दोन हजार कोटींच्या घरात व्यवहार होतात. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, गल्ल्यातली चोरी कमी झाली, पैसे आल्याची हाळी गाडीवरचा डबा स्वतःच देऊ लागला. पण ही सगळी सोय पैसे घेण्याची आहे. पहाटे माल उचलायला भांडवल कुठून येते, हा प्रश्न तिथेच आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी चेन्नईच्या फळविक्रेत्यांचा हिशेब मांडला होता : सकाळी उधारीवर घेतलेल्या मालावर संध्याकाळपर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास व्याज. वर्षाला नव्हे, दिवसाला. आपल्याकडच्या मंडयांनाही ही रीत अनोळखी नाही. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, पत. खाते असणे वेगळे आणि पत असणे वेगळे. खाते सरकार उघडून देऊ शकते. पत तेव्हाच येते, जेव्हा समोरचा तुमची नोंद वाचून तुमच्यावर विश्वास टाकतो.

आणि नोंद तर आता आहे. रोजची विक्री, कोणत्या महिन्यात धंदा बसतो, सणाला किती उसळतो, सगळे तारीखवार. ती वाचतो कोण? यंदा जुलैमध्ये बंगळुरूत ती व्यापारी कर विभागाने वाचली. यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी क्यूआरचे कागद उतरवून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. कर बुडवावा असे इथे कुणी म्हणत नाही. मर्यादेपुढे उलाढाल गेली तर नोंदणी केलीच पाहिजे. पण त्याच नोंदीवरून नोटीस निघते आणि कर्ज मात्र निघत नाही, तेव्हा विक्रेत्याने त्यातून काय धडा घ्यायचा?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले, आणि ही आग पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेली. बहुतेक ठिकाणी राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. व्यवहार दोघांचा, वही एकाची, आणि कुळाला ती वाचताही येत नव्हती. त्यानंतर आलेल्या 1879च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा मूळ हिशेब तपासायला लावले आणि कुळाला पावती देण्याचे बंधन सावकारावर घातले. आजची वही भ्रमणध्वनीत आहे, एवढाच फरक पुरेसा नाही.

बँकांचे म्हणणे असे की, दहा-वीस हजारांच्या कर्जाला कागदपत्रे आणि वसुलीचा खर्च परवडत नाही, शिवाय तारण नाही. खर्चाचा मुद्दा प्रामाणिक आहे. पण नोंदच तयार असेल तर पडताळणीचा बराच खर्च वाचतो, आणि बिनतारण कर्ज अशक्य नाही हे फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेने 2020पासून दाखवले आहे. त्यात पहिले कर्ज फेडले की पुढचे मोठे मिळते, पत पायरीपायरीने वाढते. त्याहून जुने उदाहरण साताऱ्यातल्या म्हसवडचे. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तिथल्या महिला बँकेला आधी परवाना नाकारला; त्या लिहाय-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि 1997 साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. यंत्र आले नव्हते तेव्हाही हे जमले, कारण समोर बसून हिशेब समजून घेणारे माणूस होते. आज ते माणूस काढून घेऊन यंत्र तेवढे ठेवले जात आहे.

यंदाच्या अंकाचा विषय 'बाजार' आहे आणि लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वहीचीही पूजा होते. आमचे शेकडो वाचक नागरी सहकारी बँकांचे, पतसंस्थांचे सभासद आहेत, काही संचालकही आहेत. पुढच्या वार्षिक सभेत लाभांशाच्या आधी एक प्रश्न विचारा : गेल्या वर्षी आपल्या संस्थेने किती हातगाडीवाल्यांना, किती भाजीवाल्यांना कर्ज दिले? आकडा इतिवृत्तात लिहून घ्या, आणि आम्हाला कळवा. पुढच्या दिवाळी अंकात आम्ही तो छापू.