‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न आपणही विचारतो

आमच्या सल्ला केंद्राच्या केसपेपरवर एक रकाना होता : ‘प्रतिकार केला का? कसा?’ तो कुणी घातला, कधी घातला, आता कुणालाच आठवत नाही. बहुधा पोलीस ठाण्यातल्या कुठल्यातरी नमुन्यावरून आमच्याकडे आला असावा. मी एम.एस.डब्ल्यू. होऊन केंद्रात रुजू झाले तेव्हा तो होता, आणि पुढची कितीतरी वर्षं मी तो भरत राहिले. या रकान्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्यात मी भरलेली एक ओळ माझ्या मनातून अजून जात नाही.

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एकोणीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात कुणी नसताना नात्यातल्या माणसाने जबरदस्ती केली होती. शेजारी माणसं जागी होती, मधली भिंत पत्र्याची. मी तिला विचारलं, “मग तू ओरडली का नाहीस?” रागाने नाही, चांगलं हळू आवाजात, तिचा हात हातात घेऊन विचारलं. ती म्हणाली, “ताई, आवाजच नाही निघाला.” मी लिहिलं : ‘प्रतिकार केला नाही. आरडाओरडा केला नाही.’

‘आवाज निघाला नाही’ आणि ‘आरडाओरडा केला नाही’ यांत केवढा फरक आहे! पहिल्यात तिच्यावर काहीतरी ओढवलं आहे, दुसऱ्यात तिने काहीतरी करायचं टाळलं आहे. पुढे आमची फाइल न्यायालयात मागवली गेली. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि संस्थेच्या ताईंनीच हे लिहून ठेवलं आहे, याकडे लक्ष वेधलं. आरोपी सुटला. केवळ माझ्या ओळीमुळे सुटला असं मी म्हणणार नाही, तपासही ढिला होता. पण अक्षर माझं होतं.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मज्जासंस्था आम्हाला शिकवलीच नव्हती असं नाही. मानवी वर्तनाच्या पेपरात मेंदूची आकृती काढून भागांना नावं द्यायची असत. त्या आकृतीचा समोर बसलेल्या बाईशी काही संबंध आहे, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मी या केसनंतर वाचून काढलं.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखण्याच्या कामात तिचा मोठा वाटा असतो, आणि आपल्याला विचार करून कळायच्या आत तिचा इशारा शरीराला गेलेला असतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. ‘लढा किंवा पळा’ अशी ही तयारी. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा अभ्यास मांडला आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत हीच जोडी बसली. पण लढणं आणि पळणं एवढे दोनच मार्ग कुठल्याच प्राण्याला नसतात. आधी प्राणी क्षणभर जागीच थबकतो, कानोसा घेतो. आणि पकडला गेला, सुटायची वाट उरली नाही, तर पुष्कळ प्राण्यांचं शरीर लाकडासारखं ताठ, निश्चल होतं. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांनी हे पाहिलं असेल. कोंबडी जमिनीशी दाबून धरली की थोड्या वेळाने हात काढला तरी तशीच पडून राहते. माणसातही हे घडतं. बाई शुद्धीवर असते, तिला ऐकू येत असतं, पण हात उचलत नाही, घशातून आवाज फुटत नाही, कधीकधी दुखणंही कळत नाही. हे ठरवून केलं जात नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. मेंदूच्या देठाकडच्या फार जुन्या भागांचा हा कारभार आहे. आणि नेमक्या त्याच वेळी कपाळामागचा, विचार करून पाऊल उचलणारा भाग ताणामुळे मंद पडलेला असतो. ‘शेजारी जागे आहेत, ओरडलं तर येतील’ हा हिशेब त्याच भागाचा. तो हिशेब मी टेबलाच्या अलीकडे, पंख्याखाली बसून करत होते.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचारकेंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सत्तर टक्के स्त्रियांनी असं थिजणं लक्षणीय प्रमाणात अनुभवलं होतं, अठ्ठेचाळीस टक्क्यांनी तर अतिशय तीव्र. म्हणजे ज्याला आपण अपवाद समजून खुलासा मागत होतो ते बहुसंख्य बायकांचं घडलेलं होतं.

खरं सांगायचं तर स्टॉकहोमपर्यंत जायचीही गरज नव्हती. वाचा बसली, दातखीळ बसली, बोबडी वळली, हातापायांतलं त्राण गेलं, पाय जमिनीला खिळले, अंगाचा दगड झाला. हे शब्द आपल्या आया-आज्या वापरत आल्या. साप पाहिलेल्या माणसाची वाचा बसली म्हटलं तर कुणी त्याला विचारत नाही की बाबा, तुझी सापाला संमती होती का.

न्यायालयाने मात्र विचारलं. मथुरा प्रकरण आपल्या चळवळीला पाठ आहे, तरी नव्याने आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हाचा चंद्रपूर, आताचा गडचिरोली जिल्हा) एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. दोन पोलीस आरोपी होते. १९७४ साली सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि ती देताना भीतीपोटी निमूटपणे शरण जाणं म्हणजे इच्छा नव्हे, असा फरक केला. मेंदूची आकृती समोर नसताना केला! १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याची गोष्ट पटत नाही, म्हणजे संमती होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. तरी ‘केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून तिची संमती होती असं धरता येणार नाही’ हे कलमात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या त्रेसष्टाव्या कलमातही हे स्पष्टीकरण आहे.

कलमात आलं, पण डोक्यात आलं का? २०२० च्या जूनमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना लिहिलं की घटनेनंतर थकून झोप लागली हे तक्रारदार स्त्रीचं म्हणणं भारतीय स्त्रीला न शोभणारं आहे. ओरड झाल्यावर ते वाक्य आदेशातून काढून टाकलं गेलं. पण ते आलं कुठून? अत्याचारानंतर स्त्री कशी वागते याचं एक चित्र आपल्या सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. ती रडते, केस विस्कटलेले असतात, धावत सुटते. जी झोपते, जी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जाते, जी सांगताना मध्येच हसते, ती आपल्याला खोटी वाटते. मलाही वाटायची.

आठवणीचंही तसंच. घटना क्रमाने सांगता यावी अशी ठाण्यात अपेक्षा असते. किती वाजता, आधी काय, मग काय. प्रसंगांना वेळ-काळाचा धागा लावून ठेवण्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा वाटा असतो, आणि पराकोटीच्या भीतीत त्याचं काम विस्कळीत होऊ शकतं. एखादा वास, हातातल्या कड्याचा थंड स्पर्श पक्का कोरला जातो आणि दार कुणी लावलं ते हरवतं. म्हणून चार वेळा जबाब घेतला की चार वेळा थोडा वेगळा येतो, आणि त्या फरकांवर उलटतपासणी उभी राहते. आठवण चुकूच शकत नाही असं माझं म्हणणं नाही, कुणाचीही चुकते. पण तुकडे असणं म्हणजे बनाव नव्हे. आणि ते तुकडे जोडून सलग गोष्ट करायचा मोह आपल्याला, कार्यकर्त्यांनाच, सगळ्यांत जास्त होतो. केस मजबूत व्हावी म्हणून आपण विचारतो, “म्हणजे त्याने आधी दार लावलं असेल, नाही का?” ती दमलेली असते, ‘हो’ म्हणते. तो ‘हो’ पुढे तिलाच महागात पडतो. ‘आठवत नाही’ असं ती म्हणाली तर ‘आठवत नाही’ असंच लिहावं, हे मी आता नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

इथपर्यंत लिहिलेलं आमच्या गटात बहुतेकींना पटतं. पुढचं पटत नाही, आणि वाद तिथेच आहे.

आमची एक तरुण सहकारी प्रशिक्षणाला जाऊन आली. तिचा प्रस्ताव असा की केसपेपरवर ‘प्रतिकार’ ऐवजी ‘थिजण्याची लक्षणं’ असा रकाना करावा, मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे न्यायालयात ठोस पुरावा होईल. तिची तळमळ मला कळते. माझ्या त्या केसमध्ये असा कागद असता तर, असं माझ्याही मनात येऊन गेलं. तरीही मी विरोध केला.

मेंदूच्या शास्त्राने बायकांना न्याय दिल्यापेक्षा गप्प बसवलं आहे जास्त. १८८७ साली जॉर्ज रोमेन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं की स्त्रीचा मेंदू सरासरी पाच औंसांनी हलका, तेव्हा तिची बुद्धी कमी असणारच. वजन खरं होतं, निष्कर्ष नव्हता. हे जुनं झालं म्हणाल, तर २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात एका तरुण स्त्रीला जन्मठेप झाली, आणि पुराव्यात तिच्या डोक्याला तारा लावून घेतलेल्या चाचणीला मोठं स्थान होतं. गुन्हा केल्याची ‘आठवण’ तिच्या मेंदूत आहे असं यंत्राने सांगितलं म्हणे! पुढे तिला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निर्णय दिला. बाईच्या तोंडापेक्षा तिच्या मेंदूवर जास्त विश्वास ठेवायचा, ही सवय एकदा लागली की ती कोणत्या बाजूला वळेल हे आपल्या हातात राहत नाही.

रोजच्या कामात तर हे नेहमी दिसतं. वर्षानुवर्षं मार खाल्लेली बाई. संध्याकाळी गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला की तिच्या पोटात गोळा येतो, भाजी फोडणीला टाकता टाकता हात कापतो. झोप उडालेली, मुलांवर चिडचिड, मध्येच हरवल्यासारखं बघणं. धोक्याचा इशारा सतत चालू राहिलेल्या शरीराचं हे वागणं आहे. तिच्या घरात ते वेडेपणाचं नाही, शहाणपणाचंच आहे. पण नवरा हीच लक्षणं घेऊन वकिलाकडे जातो. “हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, मुलं हिच्याकडे सुरक्षित नाहीत.” हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, आणि त्याचा धाक दाखवलेल्या किती बायका आमच्याकडे आल्या! आपण एका फाइलीत ‘मज्जासंस्थेवर परिणाम’ असं अभिमानाने लिहायचं आणि दुसऱ्या फाइलीत तेच वाक्य तिच्याविरुद्ध वाचलं जायचं, असं होणार आहे. उपचाराची गरज असेल तर ते जरूर मिळावेत, त्यात लाज कसली? पण उपचाराचा कागद आणि ती खरं बोलते याचा दाखला, या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

दुसरी भीती अशी. उद्या ‘खरी पीडित थिजते’ असं ठरलं, तर जी चावली, जिने लाथ मारली, जी वेळ मारून न्यायला त्याच्याशी गोड बोलत राहिली, तिचं काय? त्या पाहणीतही तीस टक्के उरतातच. काल ‘ओरडली का नाहीस’ विचारत होते, उद्या ‘थिजली का नाहीस’ विचारतील. नवी फूटपट्टी आपणच करून द्यायची का?

माझं म्हणणं एवढंच की हे शास्त्र आपण शिकावं, ते आपल्या डोक्यातला प्रश्न पुसण्यासाठी. पोलिसांच्या, डॉक्टरांच्या, सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात ते शिकवावं, न्यायाधीशांनाही सांगावं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना सांगितलंच आहे की जखमा नाहीत म्हणजे संमती होती असं नव्हे. त्या सूचना किती दवाखान्यांत टेबलावर आहेत ते प्रत्येक गटाने आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावं. आम्ही पाहिलं तेव्हा आम्हालाच आमची प्रत छापून द्यावी लागली. पण एकेका बाईच्या फाइलीत मेंदूचा दाखला जोडायला मी तयार नाही. तिथे तिचे शब्द हवेत, तिच्या बोलीत, आपण न सुधारलेले. ‘आवाजच नाही निघाला’ या वाक्यात काय कमी होतं?

सध्या आम्ही तो रकाना काढला आहे. त्या जागी आठ कोऱ्या ओळी आहेत आणि वर फक्त ‘तिच्या शब्दांत’ असं छापलं आहे. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं आणि ती म्हणेल ते दुरुस्त करायचं. यात वेळ जातो, दिवसाला दोनपेक्षा जास्त बायकांचं नीट ऐकून होत नाही, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांची चुळबुळ आम्हाला ऐकू येते. सहकारी तिच्या मतावर ठाम आहे. पुढच्या तिमाही बैठकीत ती आपली बाजू मांडणार आहे आणि नमुना तेव्हाच कायम होईल. ज्या गटांनी आपल्या केसपेपरात असे बदल करून पाहिले असतील त्यांनी अनुभव जरूर कळवावेत, बैठकीआधी मिळाले तर फारच बरं.