सुट्टीतले प्रशिक्षण आणि बुडणारी मजुरी

मे महिन्यात गरीब मुलांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग काढण्याची आता बरीच प्रथा पडली आहे. शिवण, वायरिंग, संगणक, मोबाइल-दुरुस्ती. वर्ग मोफत असतात, उद्घाटनाला पाहुणे येतात, शेवटी प्रमाणपत्रे वाटली जातात. हेतूबद्दल मला शंका नाही. तक्रार एकच आहे: ज्याच्यासाठी वर्ग काढला, तोच मुलगा त्यात टिकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वायरिंगच्या वर्गात मी मदतनीस होतो. पहिल्या आठवड्यात बसायला जागा पुरत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात बाके रिकामी. लग्नसराई ऐन भरात होती. कोणी मांडववाल्याकडे खांब रोवायला, कोणी केटररकडे वाढपी म्हणून, कोणी आंब्याच्या पेट्या भरायला गेला होता. संयोजकांनी निष्कर्ष काढला, "यांना शिकायचेच नाही." मला तो पटला नाही. अशा घरांत मे हा कमाईचा महिना. जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातूनच निघायचा. आपण म्हणतो, मुलाला फुकट शिकवतो. तो मात्र रोजची मजुरी बुडवून शिकत असतो!

सरकारी व्यवस्थेतही या वयाची मुले मधल्या मध्ये राहतात. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. पण घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात शाळेनंतर वा सुट्टीत हातभार लावण्यास मोकळीक ठेवली. म्हणजे सुट्टी ही विश्रांतीसाठी असते, हे कायद्यालाही फारसे मान्य नसावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. तीत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. योजना चांगली, पण वय १८ ते ३५! दहावीचा निकाल हातात घेऊन उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा तीत बसत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला जागा आहे आणि विद्यावेतनही आहे, मात्र ती उमेदवारी सुट्टीपुरती नसते.

परदेशात या वयाचा विचार अगोदर झाला. न्यूयॉर्क शहर १९६३ पासून उन्हाळ्यात तरुण मुलांना पगारी काम देत आले आहे. शिकागोत २०१२ साली हिंसाचारग्रस्त भागांतील १३ शाळांमधल्या १,६३४ मुलामुलींतून चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने निवड झाली. निवडलेल्यांना आठ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनावर काम मिळाले. सारा हेलर या संशोधिकेने २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या. त्यांपैकी काहींचे आठवड्यातील दहा तास कामाऐवजी राग आवरणे, माणसांशी वागणे अशा पाठांना दिले होते, आणि त्या तासांचेही पैसे मिळत होते. दोन्ही गटांत फरक पडला नाही. मला यातला महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कच्या योजनेत काम केलेल्यांचे पुढे पगार वाढले, असे अभ्यासकांना आढळले नाही. तुरुंगवास आणि अकाली मृत्यू मात्र कमी झाले. तेव्हा सहा-आठ आठवड्यांत कारागीर घडतो, ही आशा सोडून द्यावी. आपल्या गल्लीत शिकागोसारखी पिस्तुले नाहीत, हेही खरे. पण सोळाव्या वर्षी रिकामे हिंडणे किंवा मिळेल त्या कामाला जुंपून शाळा कायमची सोडणे, हे धोके आपल्याकडेही आहेत.

"शिकवायचे आणि वर पैसेही द्यायचे?" असे आमच्या एका प्राध्यापकांनी विचारले. सर, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका हा मार्ग घालून दिला तो याच मातीत, आणि त्यात 'कमवा' हा शब्द आधी येतो. आपल्याच महाविद्यालयातली मुले ग्रंथालयात पुस्तके लावून तासावर पैसे घेतात. त्याला कोणी दान म्हणत नाही.

येत्या मे महिन्यात आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेने असा वर्ग घ्यायचा ठरवल्यास पाहुण्यांचे हार, मांडव आणि छापील प्रमाणपत्रे यांवरचा खर्च आधी काढून ठेवावा. मुले निम्मीच घ्यावीत, वर्ग दुपारपर्यंत संपवावा, आणि विद्यावेतन शेवटच्या दिवशी न देता दर शनिवारी हातात द्यावे.