मोतीबिंदू 'पिकायची' वाट कशाला पाहायची?

आपल्या मोहल्ल्यात कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. 'अजून कच्चा आहे, पिकू दे.' आणि, 'शुगर आहे ना, मग ऑपरेशन नको, जखम भरत नाही.' ही दोन्ही वाक्यं मी इतक्या घरांत ऐकली आहेत की, यावेळच्या संपादकीयाचा ठरलेला विषय बाजूला ठेवला.

पिकू देण्याची गोष्ट जुन्या काळातली आहे. तेव्हा मोठा छेद घेऊन भिंग काढावं लागे, टाके पडत. आज फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स आत बसवतात. फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू उलट जास्त त्रासाचा. मोसुलच्या अम्मार बिन अली या हकीमांनी हजार वर्षांपूर्वी पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली होती. त्याचा अभिमान आपण भाषणांत मिरवतो आणि घरातल्या नानीला मात्र भिंत धरून चालायला लावतो!

मधुमेह असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो. रक्तातली जादा साखर भिंगात शिरते, तिथं तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी धरून ठेवतं आणि भिंग गढूळ होत जातं. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे हा फक्त दादा-दादींचा प्रश्न नाही, पन्नाशीतल्या अम्मी-अब्बांचाही आहे.

पण मोतीबिंदूपेक्षा मोठा धोका त्याच्या मागे असतो. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पडद्याला सूज येते, कधी रक्तस्राव होतो. याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला दुखत नाही, कळतही नाही. मोतीबिंदू दाट झाला की डॉक्टरांनाही तो पडदा नीट दिसत नाही. आपण 'पिकायची' वाट पाहतो तेव्हा तपासणीची खिडकी बंद होत असते. मग ऑपरेशन होतं, लेन्स व्यवस्थित बसते, तरी नजर येत नाही आणि साऱ्या गल्लीत बातमी फिरते, 'डॉक्टरनं डोळा घालवला.' अनेकदा डोळा त्याआधीच पडद्यापाशी बिघडलेला असतो. ती बातमी ऐकून शेजारच्या आणखी दोन खाला ऑपरेशनला नाही म्हणतात.

माझ्या अम्मीला चौदा वर्षांपासून शुगर आहे. एका खासगी दवाखान्यात आम्हाला डॉक्टरांआधी लेन्सचं पॅकेज समजावणारी ताई भेटली. सर्वात महागडी मल्टिफोकल लेन्स घ्या, चष्मा लागणार नाही, म्हणाली. पडदा तपासला का, असं विचारल्यावर ती गप्प झाली. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथं बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा पाहिला, ओसीटी केली, तर मध्यभागी सूज निघाली. आधी डोळ्यात इंजेक्शनं, सूज उतरल्यावर ऑपरेशन आणि साधी मोनोफोकल लेन्स. मल्टिफोकल लेन्स प्रकाश वाटून देते, म्हणून पडदा कमजोर असेल तर ती सहसा टाळतात. महाग म्हणजे चांगलं, हे इथं चालत नाही. मोफत शिबिरांबद्दलही माझा हाच आग्रह आहे. शिबिरं हवीतच, पण मधुमेही माणसाला गाडीत बसवण्याआधी विचारा, पडद्याची तपासणी होणार आहे का?

शुगर आहे म्हणून ऑपरेशन होत नाही, हे खरं नाही. साखर फार वाढलेली असेल तर डॉक्टर थांबवतात, कारण जंतुसंसर्गाची भीती वाढते. पण तारीख मिळाली म्हणून चार दिवस उपाशी राहून किंवा गोळ्या वाढवून आकडा खाली आणू नका. साखर झपाट्यानं उतरवल्यानं पडद्याचा आजार कधी कधी बळावतो. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी करून घ्या आणि त्या सकाळी इन्शुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही, खाऊन यायचं की नाही, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

आता घरात हमखास निघणारे प्रश्न. थेंबांनी रोजा तुटतो का? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं 1997 च्या ठरावात डोळ्यांचे थेंब रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत. शिवाय आजाऱ्याला रोजाची सवलत कुरआनातच आहे. तरी रमजान संपू दे म्हणत थेंब चुकवणारे मी पाहिले आहेत. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नसतं, तेव्हा वुजूबद्दल आपल्या आलिमांना विचारून घ्या. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं तर तेवढे दिवस खुर्चीवर बसून इशाऱ्यानं नमाज होते. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, नजर एकदम कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, जुम्याची वाट पाहायची नाही.

घरातल्या बायकांचा मुद्दा वेगळा सांगावाच लागतो. अब्बांचं ऑपरेशन होतं, अम्मीचं 'पुढच्या वर्षी' जातं, कारण स्वयंपाक कोण करणार? हा प्रश्न मी तरुण मुलांना विचारतो आहे, सुनांना नाही. आठवडाभर चूल सांभाळा, थेंबांची वेळ मोबाइलवर लावा. पहिल्या तपासणीवर थांबू नका, महिना-दीड महिन्यानं पडदा पुन्हा दाखवा, कारण ऑपरेशननंतर सूज येते ती बहुधा याच काळात.

तुमच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात मधुमेहींचा पडदा तपासायची सोय आहे का, कोणत्या वारी, किती वेळ लागतो, हे पाहून आम्हाला कळवा. मराठीत किंवा उर्दूत, कसंही लिहा. पुढच्या अंकात जिल्हावार यादी छापायची आहे.