अंकल-आंटच्या पुढची नाती

न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाने गेल्या हिवाळ्यात भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. वेळ शनिवार सकाळची, जागा गावच्या लायब्ररीतली खोली. पहिला धडा कुटुंबाचा होता. हातात एक कागद मिळाला. त्यावर सोफ्यावर बसलेले आईवडील, पायाशी मुलगा, मुलगी आणि कुत्रा, मागे पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा असं चित्र आणि खाली शब्द: फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, ग्रँडफादर, ग्रँडमदर, अंकल, आंट, कझिन. प्रस्तुत लेखिकेच्या सासूबाई तो कागद जपून घरी घेऊन आल्या. सात वर्षांच्या नातवाने तो उचलला, पाहिला आणि म्हणाला, "आजी, धिस इज फ्रॉम किंडरगार्टन. यू नो ऑल धिस."

पोराचा राग यायचं कारण नव्हतं. राग आला तो कागदाचा.

सासूबाई साताऱ्याच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. मदर म्हणजे आई हे कळायला त्यांना थंडीत कुडकुडत लायब्ररीत जायची गरज नव्हती. वर्गातल्या बाकीच्यांचीही तीच गत. कोणी शिक्षिका, कोणी एसटीत नोकरी केलेले, कोणी दुकान चालवलेले. शाळेत इंग्रजी सगळ्यांनीच घेतलेलं, पाट्या सगळ्यांनाच वाचता येतात. अडतं ते समोरचा माणूस नातं विचारतो तेव्हा. शाळेत नातवाला आणायला गेल्यावर खिडकीतली बाई विचारते, मुलाचे तुम्ही कोण? हॉस्पिटलच्या कागदावर असतं, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं आणि तो तुमचा कोण? आणि डॉक्टरकडे गेलं की घराण्यातल्या आजारांचं पूर्ण पान भरायचं असतं. नात्यांचा धडा या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा. सोफ्यावरच्या चित्रात यातलं एकही उत्तर नाही.

डॉक्टरांचंच घेऊ, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो.

सासूबाईंच्या पहिल्या तपासणीत नर्सने विचारलं, घरात कोणाला हृदयविकार? त्यांनी चटकन सांगितलं, "माय ब्रदर. हार्ट ॲटॅक. फॉर्टी-फोर." नर्सने तसं नोंदवलं. हा ब्रदर म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. एका वाड्यात, एका चुलीवरचं खाऊन दोघं वाढले, राखी त्यालाच बांधली. मराठीत त्याला 'आमचा भाऊ' म्हणण्यात काही वावगं नाही, उलट 'चुलत' म्हटलं तर परकेपणा वाटावा. पण डॉक्टरांच्या हिशेबात आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं ही पहिल्या पायरीची नाती. आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी दुसऱ्या पायरीची. चुलत, मामे, मावस, आते भावंडं तिसऱ्या पायरीची. पहिल्या पायरीवरच्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोक्याचा घटक म्हणून धरला जातो. एका शब्दाने तिसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवर येऊन बसला, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर त्याच्याच आधाराने गोळ्यांबद्दल बोलू लागले.

उलटही होतं. लेखिकेच्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. कागदावर 'आंट' एवढंच लिहिलं की प्रश्न येतोच: मॅटर्नल की पॅटर्नल? आपल्या बहुतेक बायकांना वाटतं की स्तनाचा कर्करोग म्हटल्यावर आईकडचंच पाहायचं. तसं नाही. त्याच्याशी जोडलेला जनुकातला दोष वडिलांकडूनही मुलीकडे येतो, म्हणून आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच सांगण्यासारखा असतो. काही आजारांत मात्र बाजू फार महत्त्वाची. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही, आणि मुलाला हा आजार आईकडून येतो. मुलाच्या मामाला तो असेल तर डॉक्टर आईची तपासणी सुचवतील. काकाला असेल तर त्या मुलाला त्याच्यापासून काही धोका नाही. इंग्रजीत दोघेही अंकल. समोरच्याने नुसतं अंकल ऐकलं, तर आजाराचा धागा कुठून आला हे त्याला कळणार कसं?

तिसरी गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण बोलायला हवी. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी मात्र सहसा नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात हे मांडलं आहे, आणि महाराष्ट्राची गणना उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरच्या प्रदेशात केली आहे. जुन्या बायका सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत, ते उगाच नव्हे. बाळंतपणाआधीच्या तपासणीत इथले डॉक्टर विचारतात, नवराबायकोचं रक्ताचं नातं आहे का? हा प्रश्न अपमानाचा नाही. सून तिथे बसलेली असते, सोबत आलेल्या सासूला प्रश्न कळत नाही आणि लाजेपोटी उत्तर 'नो, नो' असं येतं. 'ब्लड रिलेटिव्ह' आणि 'फर्स्ट कझिन' हे दोन शब्द आधीच माहीत असतील तर ही वेळ येणार नाही.

मग शिकवायचं काय? अवघड शब्दांची मोठी यादी नको. मॅटर्नल-पॅटर्नल जिभेवर बसत नसेल तर 'मदर्स साइड' आणि 'फादर्स साइड' पुरतं. खरी किल्ली आहे इंग्रजी षष्ठीच्या त्या छोट्या 'स'मध्ये. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. इंग्रजीत तीच, तशीच, त्याच क्रमाने: माय हज्बंड्स ब्रदर्स वाइफ. मराठीत 'च्या' आणि 'ची' लागतात तिथे इंग्रजीत 'स' लागतो, आणि आगगाडीच्या डब्यांसारखी नाती एकामागे एक जोडता येतात. साडू म्हणजे माय वाइफ्स सिस्टर्स हज्बंड. भाचेसून म्हणजे माय सिस्टर्स सन्स वाइफ. हा क्रम आपल्या माणसांच्या डोक्यात आधीपासूनच आहे, फक्त तो 'स' ऐकू येईल असा उच्चारायला शिकवायचं. वर्गात एका आजोबांनी साडूची ओळख 'को-ब्रदर' अशी करून दिली. भारतात हा शब्द चालतो. इथल्या अमेरिकन शिक्षिकेने त्याचा अर्थ दोनदा विचारला आणि शेवटी सावत्र भाऊ असा समज करून घेतला. 'कझिन ब्रदर'चंही तेच. इथे नुसतं कझिन म्हणतात, पुढे हवं तर बाजू सांगतात.

दुसरी अडचण सर्वनामाची. नवऱ्याला, सासऱ्यांना आपण आदराने 'हे', 'ते' म्हणतो. डोक्यात हे मराठी चालू असतं आणि तोंडून इंग्रजी येतं, "दे आर स्लीपिंग." फोनवरचा माणूस समजतो, घरात बरीच माणसं झोपली आहेत. लेखिकेच्या आईने एकदा ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोनवर वडिलांबद्दल "दे हॅव चेस्ट पेन" असं सांगितलं, आणि पलीकडून पहिला प्रश्न आला, किती जणांना? इंग्रजीत 'ही' म्हटल्याने नवऱ्याचा मान कमी होत नाही, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवं. तसंच 'एक्स्पायर्ड'. आपल्याकडे माणूस एक्स्पायर होतो. इथे दुधाची तारीख आणि पासपोर्ट एक्स्पायर होतात. 'डाइड' किंवा 'पास्ट अवे' म्हणावं.

कायद्याच्या कागदांत तर नात्याला किंमत असते. फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट या १९९३ च्या फेडरल कायद्याने पात्र नोकरदाराला वर्षात बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, नवराबायको, मूल किंवा आईवडील गंभीर आजारी असतील तर. सासू-सासरे त्या यादीत नाहीत. काही राज्यांचे कायदे याहून उदार आहेत, पण फेडरल कायद्यात सून सासूसाठी ही रजा मागू शकत नाही. मुलगा मागू शकतो. ज्या घरांत 'आई' म्हणजे सासू, तिथे अर्जात मदर लिहायचं की मदर-इन-लॉ, हा शब्दाचा खेळ राहत नाही. इमिग्रेशनचंही तसंच. अमेरिकन नागरिक आपल्या सख्ख्या भावासाठी अर्ज करू शकतो. मावसभावासाठी नाही, मग तो कितीही जवळचा असो. यावर एक वेगळा लेख व्हायला हवा.

आता मुलांकडे. मंडळात प्रत्येक मोठा पुरुष अंकल आणि प्रत्येक बाई आंटी. मराठी शाळेत नात्यांचं गाणं होतं, पण घरी आल्यावर आत्याही आंटी आणि शेजारीणही आंटी. याचा त्रास आजी-आजोबांनाच होतो, कारण डॉक्टरकडे त्यांच्यासोबत नातवाला पाठवायची आपल्याला सवय लागली आहे. आजी म्हणते, "माझ्या आत्याला होता तो कर्करोग." नातू सांगतो, "हर आंट." बाजू तिथेच गळून पडते. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णासाठी विनामूल्य दुभाषा द्यावा लागतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आणि २०१० च्या ॲफोर्डेबल केअर ॲक्टमधून हे बंधन येतं. तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषा करू नये, असाही नियम आहे. 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज' हे वाक्य पहिल्या धड्याच्या पहिल्या ओळीत हवं. घरचा नातू अडचणीच्या वेळी मदतीला जरूर असावा, पण आजीच्या पोटातल्या गाठीची बातमी त्याच्या तोंडून तिला कळू नये.

अशा चर्चांत कोणीतरी हमखास म्हणतं की इंग्रजी भाषाच दरिद्री, तिच्यात काका-मामांना वेगळे शब्द नाहीत. हे अर्धंच खरं. अँग्लो-सॅक्सन काळच्या इंग्रजीत काका आणि मामा वेगळे होते, आत्या आणि मावशीही वेगळ्या होत्या. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून अंकल, आंट आणि कझिन आले आणि हळूहळू जुने शब्द मागे पडले. लुईस हेन्री मॉर्गन या न्यूयॉर्क राज्यातल्या वकिलाने १८७१ साली जगभरातल्या नात्यांच्या शब्दांचे तक्ते छापले, तेव्हापासून अभ्यासक दाखवत आले आहेत की वेगवेगळे समाज नात्यांत वेगवेगळे भेद ठेवतात. आपण भेद ठेवले, ही आपली कमाई. पण वर्गातल्या आजींना त्या अभिमानाचा उपयोग दवाखान्यात होत नाही. तिथे त्यांना चुलतभाऊ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, हे दोन शब्दांत सांगता यायला हवं. मराठी शब्द टिकवायचे असतील तर त्यांचा नेमका अर्थ दुसऱ्या भाषेत सांगता येणं हा त्यातलाच भाग आहे, आणि हे काम आई-बाबांच्या पिढीने अंगावर घेतलं पाहिजे. रोज संध्याकाळी जेवताना एक नातं घेतलं, तरी महिन्याभरात सगळं गोत होईल.

हे सगळं वाचून वर्ग चालवणाऱ्यांना वाईट वाटू नये. शनिवारची झोप मोडून, स्वतःच्या खर्चाने झेरॉक्स काढून, चहाचा थर्मास घेऊन ही मंडळी येतात. त्यांच्यामुळे सासूबाई तीन महिन्यांनी पहिल्यांदा घराबाहेर एकट्या बोलल्या. तक्रार त्यांच्यावर नाही. सोफ्यावरच्या चित्राचा तो कागद तयार मिळतो, म्हणून तो वाटला जातो, एवढंच. नवा कागद बनवायला आठ-दहा घरांनी थोडा वेळ दिला तर काम होईल.

अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००४ साली थँक्सगिव्हिंगचा दिवस घराण्याच्या आरोग्याचा इतिहास नोंदवण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. त्या सुट्टीला बहुतेक मराठी घरं एकत्र असतातच. नातवाने मोठा कागद घ्यावा, आजीने सांगावं. प्रत्येक माणसासमोर चार गोष्टी: मराठीतलं नातं, ते इंग्रजीत सांगणारी 'स'ची पूर्ण साखळी, आजार आणि तो कळला तेव्हाचं वय. हयात नसेल तर गेला त्या वेळचं वय. नंतर सुनेने किंवा मुलाने कागदाचा फोटो काढून तो डॉक्टरांच्या पोर्टलवर चढवावा आणि मूळ प्रत आजीच्या पर्समध्ये राहू द्यावी. मंडळाच्या वर्गाचं नवं सत्र जानेवारीत सुरू होईल. त्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकाने हा कागद घेऊन यावं, त्यातली तीन नाती उभं राहून मोठ्याने सांगावीत, आणि पुढचा धडा शिक्षिकेने त्याच कागदांवरून ठरवावा.