माशीकडे आहे ते आपल्या बागेत हवं

मोसंबीची फळगळ सुरू झाली की जालन्यातल्या अंबड-घनसावंगीकडे बोलणं होतं ते फवारणीचं, खताचं, पाण्याचं. ते व्हायलाच हवं. पण आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेला आणि घरची बाग पाहणारा माणूस म्हणून मला आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हवामान बदलतंय, तर त्याबरोबर बदलायची ताकद आपल्या झाडांत आहे का?

हा प्रश्न मला पडला तो ड्रोसोफिलामुळे. गळून सडलेल्या फळांवर भिरभिरणारी, लाल डोळ्यांची ही बारीक माशी. चांगल्या फळाला डंख करून आत अंडी घालणारी फळमाशी वेगळी.

प्रयोगशाळेत आम्ही ही माशी केळ्याच्या लगद्यावर वाढवायचो. बाटलीच्या काचेवर चढलेली पोसलेली अळी मिठाच्या पाण्याच्या थेंबात घ्यायची आणि दोन सुयांनी तिचं डोकं अलगद ओढायचं. त्यासरशी लाळग्रंथींची पारदर्शक जोडी बाहेर येते. तिला रंग द्यायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिकट पट्ट्यांची लांबलचक गुणसूत्रं दिसू लागतात. एखाद्या अळीत मात्र जोडीतली दोन गुणसूत्रं मध्येच वळसा घालतात. एकातला तुकडा उलटा बसलेला असतो आणि पट्ट्याला पट्टा जुळवण्यासाठी दोघांना वळावं लागतं.

या उलट्या तुकड्यातल्या जनुकांची पुढच्या पिढीत सहसा फाटाफूट होत नाही. गाठोडं बांधल्यासारखी ती एकत्र जातात. एक गाठोडं उन्हात तगणारं, दुसरं थंडीत. डोब्झान्स्की या शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डोंगरात दाखवून दिलं, की ऋतू पालटला की माश्यांमधलं अशा रचनांचं प्रमाणही पालटतं. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह यांनी देशभरातल्या माश्या गोळा करून अशा रचनांचं प्रमाण प्रदेशागणिक कसं बदलतं, याचा अनेक वर्षं अभ्यास केला.

२००६ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. तीन खंडांतल्या २६ ठिकाणी, सरासरी २४ वर्षांच्या अंतराने, ड्रोसोफिलाच्या एका जातीची गुणसूत्रं पुन्हा तपासली गेली. २२ ठिकाणी हवा तापली होती. त्यांतल्या २१ ठिकाणी उष्ण प्रदेशातल्या रचनांचं प्रमाण वाढलं होतं.

यात कोणतीही एक माशी बदलली नाही. उन्हात तगणाऱ्या माश्या आधीपासूनच त्या समूहात होत्या. ऊन वाढलं तसा त्यांचा वंश वाढला. वेगवेगळ्या वाणाच्या माश्या आधी नसत्या, तर निवडायला काही उरलंच नसतं.

आता आपली बाग पाहा. न्यूसेलर मोसंबीचा डोळा रंगपूर किंवा जंबेरीच्या खुंटावर भरायचा, की कलम तयार. एका वाणाची हजारो झाडं म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड. फळ एकसारखं मिळतं, बाजारात भाव मिळतो, हा फायदा खरा आहे. पण जे एकाला सोसवत नाही ते कुणालाच सोसवत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही जालन्यातल्या बागा वाळल्या आणि लोकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्याचं मूळ कारण पाणीच. तरीही नव्या लागवडीत बहुतेकांनी पुन्हा तोच वाण, तोच खुंट लावला, याची मला काळजी वाटते.

किडीकडे मात्र वैविध्य असतं, हे कपाशीने आपल्याला दाखवलंच आहे. बीटी कपाशी २००२ साली देशात आली, ती जालन्याच्याच महिकोमार्फत. शेंदरी बोंडअळीत त्या कपाशीतल्या अळीनाशक विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या होत्या, त्यांची संतती वाढत गेली आणि २०१७मध्ये महाराष्ट्रातली बोंडं पोखरली गेली. सोबत मिळणारं नॉनबीटी बियाणं याचसाठी होतं, की साध्या अळ्याही जगाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकाराचा वेग मंदावावा. बहुतेक शेतात ते पेरलंच गेलं नाही.

उपायाची वाट बदनापूरने तुरीत दाखवली आहे. तिथल्या संशोधन केंद्राने दिलेला बीडीएन ७११ हा वाण लवकर पक्व होतो, म्हणून पाऊस आधी थांबला तरी हाती काही लागतं. निवडायला वेगवेगळी तूर होती, म्हणूनच हे शक्य झालं.

मोसंबीतही हेच व्हावं. बदनापूरलाच मोसंबी संशोधन केंद्र आहे. दुष्काळातून वाचलेल्या झाडांची गावोगाव नोंद घ्यावी. कुठे जमीन खोल होती, कुठे विहिरीचा पाझर होता, हे वेगळं काढून उरलेल्या झाडांचे खुंट आणि डोळे दोन्ही तपासावेत. शासनाने एकाच वाणाच्या बागेपेक्षा दोन-तीन खुंटांवरच्या मिश्र लागवडीला जास्त अनुदान द्यावं आणि रोपवाटिकांना खुंटाचं नाव कलमावर लिहिणं सक्तीचं करावं. आपणही कलम घेताना खुंट कोणता, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माशीची पिढी दहा-बारा दिवसांत पालटते, मोसंबीची बाग पंधरा-वीस वर्षं उभी राहते. आज लावलेलं झाड २०४०चं ऊन सोसणार आहे. त्याची निवड आपल्यालाच, आणि आत्ताच, करावी लागेल.